ट्रंकेतली लष्करी दुर्बीण: पुसण्याआधी वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या घराच्या माळ्यावरून लष्करी दुर्बीण निघाली, तर नवल वाटायचं कारण नाही. मराठा लाईट इन्फंट्रीच्या भरतीचं आणि प्रशिक्षणाचं ठाणं १९२२ पासून बेळगावात आहे. दुसऱ्या महायुद्धात याच पल्टनी एरिट्रियात केरेनच्या डोंगरात लढल्या, इटलीत लढल्या, ब्रह्मदेशाच्या सीमेवर लढल्या. पणजोबांची लोखंडी ट्रंक उघडली की पदकं, डिस्चार्ज बुक, एखादं होकायंत्र आणि कधीतरी चामड्याच्या पेटीत हाताला जड लागणारी दुर्बीण, असा ऐवज निघतो. मग घरातलं कुणीतरी हौसेनं ब्रासो आणि फडकं घेऊन बसतं, आणि त्या वस्तूबद्दल जे काही कळण्यासारखं होतं त्यातलं निम्मं अर्ध्या तासात नाहीसं होतं.

ज्यांच्या हातात अशी दुर्बीण पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. क्रम मोडू नका. आधी वाचायचं, मग तपासायचं, मग पुसायचं. उघडायचं तर नाहीच.

पहिली पायरी: ब्रासो बाजूला ठेवा

फौजी घरात पितळ चकाकलंच पाहिजे ही शिस्त असते. बक्कल, बिल्ले, बटणं यांना ती लागू आहे, दुर्बिणीला नाही. युद्धकाळातल्या दुर्बिणींवर काळा किंवा खाकी रंग मुद्दाम दिलेला असे, कारण उन्हात चमकणारी धातूची कड म्हणजे शत्रूला आपला पत्ता. काठाला रंग घासून खालचा धातू दिसतो, तो वापराचा पुरावा आहे. खोदलेल्या अक्षरांत पांढरा रंग भरलेला असतो, आणि ब्रासोनं सगळ्यात आधी तोच निघतो. रंग एकदा गेला की सन आणि क्रमांक वाचायला भिंग घेऊन बसावं लागतं.

डब्ल्यूडी-४०, शिवणयंत्राचं तेल, खोबरेल यांनाही हात लावू नका. बिजागरी आखडली म्हणून तेल सोडलं की ते हळूहळू झिरपत आत लोलकांवर, म्हणजे प्रिझमच्या काचांवर, पोचतं आणि काचेवर धुकं धरतं.

दुसरी पायरी: झाकणपट्टी वाचा

दुर्बीण टेबलावर अशी ठेवा की डोळ्याला लावायची बाजू तुमच्याकडे येईल. दोन्ही नळ्यांच्या खांद्यावर, लोलकांवरच्या झाकणपट्ट्यांवर, मजकूर खोदलेला असतो. मोबाईलचा फ्लॅश समोरून मारू नका, अक्षरं चकाकीत बुडतात. टॉर्च एका बाजूनं, जवळजवळ आडवी धरा. सावली पडली की झिजलेली अक्षरंही वर येतात. फोटो काढा आणि वहीत जसंच्या तसं उतरवा. टिंबं, बाण, चौकटी सुद्धा.

ब्रिटिश सैन्याची नेहमीची दुर्बीण असेल तर साधारण असा इंग्रजी मजकूर दिसेल: ‘बायनो. प्रिझम. नं. २’, पुढे ‘एमके. २’ किंवा ‘एमके. ३’ (मार्क, म्हणजे आवृत्ती), मग ‘एक्स ६’ (म्हणजे सहापट), कारखान्याचं नाव, सन आणि क्रमांक. जवळच तीन रेघांचा बाण असतो. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची खूण. बाणाभोवती इंग्रजी ‘सी’ असेल तर वस्तू कॅनडाच्या सरकारची. आणि दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील तर ती सरकारनं रीतसर विकून टाकलेली वस्तू आहे.

ही शेवटची खूण नीट शोधा, कारण तिच्यावर घराण्याची कथा अवलंबून असते. दुर्बीण ही सरकारी वस्तू. जवान असो की सुभेदार, ती स्टोअरमधून सहीनं घ्यायची आणि परत करायची. युद्ध संपल्यावर मात्र शिल्लक सामान मोठ्या प्रमाणात विक्रीला निघालं आणि त्यातल्या पुष्कळ दुर्बिणी बाजारातून घरोघर गेल्या. म्हणून ‘आजोबांनी इटलीतून आणली’ असं ऐकत आला असाल, तर ते खोटं आहे असं धरू नका आणि खरं आहे असं लिहूनही टाकू नका. डिस्चार्ज बुकात नोकरीची सनं असतात. दुर्बिणीवरचं सन त्यांच्याशी ताडून पाहा. आजोबा १९४२ ला पेन्शनीत आले आणि दुर्बिणीवर १९४४ असेल, तर ती नंतर कुठूनतरी आली हे उघड आहे.

६ आणि ३० हे आकडे शेजारी दिसले, तर पहिला आकडा किती पट मोठं दिसतं ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ३० ला ६ नं भागा, ५ येतात. डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा गोल ५ मिलिमीटरचा. ७×५० ची दुर्बीण असेल तर हा गोल ७ मिलिमीटरच्या थोडा वर जातो. अंधारात डोळ्याची बाहुली साधारण तितकीच उघडते, म्हणून जहाजावर रात्रीच्या पहाऱ्याला ७×५० आणि पायदळाच्या गळ्यात हलकी ६×३०, अशी वाटणी होती.

तिसरी पायरी: कारखाना ओळखा

खरी गोडी इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत ज्यांनी लेथवर किंवा फौंड्रीत आयुष्य काढलं, त्यांना दुर्बिणीचं धड बघून वाटेल की हे आपणही करू. वाटतं ते बरोबर आहे. ॲल्युमिनियमचं ओतीव धड, त्यावर मशिनिंग, आटे, बिजागरीचा दांडा, हे काम चांगल्या वर्कशॉपच्या आवाक्यातलं. अडतं ते काचेपाशी. ऑप्टिकल काच मातीच्या मोठ्या कुंड्यात वितळवायची, ढवळून एकजीव करायची, आणि मग फार सावकाश थंड करायची. घाई केली की आत ताण राहतो आणि प्रकाश वाकडा जातो. थंड झालेला गोळा फोडून त्यातले निर्दोष तुकडेच निवडायचे. त्यांना आकार द्यायचा, कुरुंदाच्या भुकटीनं घासायचं, डांबरासारख्या पिचच्या थरावर रूज (पॉलिशची लाल भुकटी) लावून पॉलिश करायचं. एका दुर्बिणीत चार लोलक लागतात, प्रत्येक नळीत दोन, एकमेकांना काटकोनात. त्यांचे कोन चुकले तर दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात.

काचेची ही अडचण पहिल्या महायुद्धात ब्रिटननं पुरेपूर भोगली. १९१४ पर्यंत त्यांची बहुतेक ऑप्टिकल काच जर्मनीतून येई. मायदेशात बर्मिंगहॅमजवळचा चान्स ब्रदर्सचा कारखाना तेवढा होता. युद्ध पुकारलं त्या दिवशी पुरवठा तुटला. फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लोकांना आवाहन केलं की शर्यती आणि शिकारीसाठी घेतलेल्या तुमच्या दुर्बिणी सैन्याला द्या. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिथल्या नौदलानंही लोकांकडून दुर्बिणी मागवल्या. सरकारला फुकट वस्तू घेता येत नव्हती म्हणून प्रत्येकी १ डॉलर भाडं दिलं. या मोहिमेच्या पत्रांवर नौदलाचे सहायक सचिव म्हणून फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं नाव असे, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर आला, आणि तेव्हा जो कुणी काच घासू शकत होता किंवा अचूक जुळणी करू शकत होता, त्याला कामाला लावलं गेलं. तुमच्या झाकणपट्टीवर ‘कर्शॉ’ असेल तर तो लीड्सचा कारखाना, सिनेमाचे प्रोजेक्टर बनवणारा. ‘टेलर-हॉब्सन’ लेस्टरचा, सिनेमाच्या कॅमेऱ्यांच्या भिंगांसाठी नावाजलेला. ‘बार अँड स्ट्राउड’ ग्लासगोचा, तोफखान्याच्या आणि नौदलाच्या अंतरमापकांचा जुना निर्माता. ‘रॉस, लंडन’ हे दुर्बिणींचंच घराणं. ‘आर.ई.एल. कॅनडा’ म्हणजे रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड. १९४० मध्ये टोरांटोजवळ लीसाइडला कॅनडा सरकारनं ही कंपनी उभी केली. तिथे रडारही बनत आणि ऑप्टिकल काचही.

अमेरिकन ‘एम ३’ या ६×३० दुर्बिणींवर तर ‘नॅश-केल्व्हिनेटर’ असंही नाव भेटतं. मोटारी आणि फ्रीज बनवणारी ती कंपनी. ‘वेस्टिंगहाऊस’ हे विजेच्या सामानाचं नावही भेटतं. फ्रीजवाला दुर्बीण कशी बनवतो, असं विचाराल तर उत्तर पुन्हा उद्यमबागेतलंच आहे. नमुना एकदा पक्का झाला, जिग आणि गेज हातात आले, काम छोट्या टप्प्यांत वाटलं, की माणूस कुठल्या धंद्यातून आला याला फारसं महत्त्व राहत नाही.

जर्मन दुर्बीण निघाली तर ‘डीन्स्टग्लास ६×३०’ असं लिहिलेलं असेल आणि कारखान्याच्या नावाऐवजी तीन छोटी इंग्रजी अक्षरं. शत्रूला कारखान्याचा पत्ता लागू नये म्हणून युद्धकाळात असे संकेत वापरले. ‘बी-एल-सी’ म्हणजे येनाचं कार्ल झाइस, ‘बी-ई-एच’ म्हणजे वेट्झलरचं लाइट्झ, ‘डी-डी-एक्स’ म्हणजे ब्राउनश्वाइगचं फोइग्टलेंडर, ‘सी-ए-जी’ म्हणजे ऑस्ट्रियातलं स्वारोव्स्की. यातल्या काहींचं धड धातूऐवजी बेकेलाइटचं असतं. ती पडली तर तडकते, तेव्हा दोन्ही हातांनी धरा.

आपल्याकडचं सांगायचं तर देहराडूनच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची सुरुवात १९४३ ची, ऐन युद्धातली. काचेची लष्करी उपकरणं हेच तिचं काम. आता ती इंडिया ऑप्टेल लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे.

एक सावधगिरी. जुन्या बाजारात पिवळ्या पितळेची, चामडं गुंडाळलेली, ‘लंडन १९१५’ असं ठळक कोरलेली दुर्बीण दिसते. ती बहुधा शोभेची, अलीकडे बनवलेली असते. रुरकीसारख्या गावांत अशा पितळी वस्तूंचा मोठा धंदा आहे. शोभेची म्हणून ती छानच आहे, पण लष्करी म्हणून पैसे मोजू नका. खऱ्या लष्करी दुर्बिणीला सजावट नसते. क्रमांक असतो, मॉडेल असतं, खूण असते.

चौथी पायरी: टॉर्चनं आत बघा

खोलीत अंधार करा. टॉर्च पुढच्या मोठ्या भिंगातून थोडी तिरकी मारा आणि दुसऱ्या बाजूनं बघा. मग उलट करा. चार गोष्टी शोधायच्या.

सुटी धूळ दिसेल, ती असू द्या. दुर्बिणीतून बघताना ती जाणवतही नाही. पांढरट धुकं सगळीकडे सारखं पसरलेलं असेल तर ते आतल्या ग्रीसच्या वाफेचं आहे आणि पुसून निघतं, पण कारागिराकडून. भिंगाच्या काठाशी पिवळसर किंवा इंद्रधनुषी कडं असेल तर दोन काचा चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटला आहे. हे काम खर्चिक असतं, आणि दुर्बीण नुसती जपायची असेल तर न केलं तरी चालतं.

चौथी बुरशी. आपल्या भागाचं खरं दुखणं हेच. काचेच्या एका कोपऱ्यातून निघून फांद्या फुटत गेलेले बारीक तंतू टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूला पावसाळ्यात घरातल्या चपलांवर बुरशी चढते, तिथे बंद पेटीतल्या दुर्बिणीचं काय होत असेल? बुरशी नुसती बसत नाही. तिच्यातून निघणारं आम्ल काच खातं, आणि ते खाल्लेले ओरखडे मग कुणालाच पुसता येत नाहीत. बुरशी दिसली की हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

भिंगावर निळसर-जांभळी झाक आहे का तेही बघा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून ४ ते ५ टक्के प्रकाश परत फिरतो. एका नळीत असे दहाच्या आसपास पृष्ठभाग, म्हणजे तिसरा हिस्सा प्रकाश वाटेतच गेला. हा तोटा कमी करणारा लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला आणि युद्धाच्या वर्षांत तो लष्करी दुर्बिणींवर येऊ लागला. त्या काळचा लेप नाजूक असतो. जोर लावून पुसलंत तर फडक्याबरोबर निघून येतो.

पाचवी पायरी: दोन्ही नळ्या एका रेषेत आहेत का

यासाठी माळावर जा. येळ्ळूरच्या शिवारातून राजहंसगडाकडे पाहिलं तर तटाची आडवी रेघ आयतीच मिळते. कॅम्प भाग आणि सांबऱ्याचा विमानतळ यांच्या बाजूला मात्र दुर्बीण रोखू नका, लष्करी हद्दीजवळ उगाच चौकशी ओढवून घ्यायला नको. सूर्याकडे चुकूनही नको, डोळा कायमचा जातो.

या दुर्बिणींना मधलं फिरवायचं चाक बहुधा नसतं. प्रत्येक नेत्रिका, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, वेगळी फिरते, कारण सांधे कमी ठेवले की पाणी आणि धूळ शिरायच्या वाटा कमी होतात. आधी बिजागरी वाकवून दोन नळ्यांतलं अंतर आपल्या डोळ्यांइतकं करा. मग उजवा डोळा मिटून डावी नेत्रिका साफ दिसेपर्यंत फिरवा, नंतर डावा मिटून उजवी. दोन्हींवरचे आकडे लक्षात ठेवले की पुढच्या वेळी थेट लावता येतात, आणि दूरचं सगळं त्याच जुळणीत दिसतं.

आता आडव्या रेघेकडे बघत डोळे हळूहळू मागे न्या, वीतभर. दोन वेगळे गोल दिसू लागतील. रेघ दोन्ही गोलांत एकाच उंचीवर हवी. एका गोलात वर, दुसऱ्यात खाली दिसली तर एखादा लोलक जागेवरून हललेला आहे. दुर्बीण कधीतरी पडलेली असणार. अशी दुर्बीण लावून पाच मिनिटांत डोकं दुखतं. बरेच जण म्हणतात की मला दुर्बिणीची सवय नाही, पण दोष सवयीचा नसतो.

नळीतल्या रेघा

एका नळीत बारीक रेघा आणि आकडे दिसले तर ती घाण समजू नका. ते अंतर काढायचं माप आहे. जर्मन आणि अमेरिकन दुर्बिणींत ते मिलमध्ये असतं, पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग. त्या काळी ब्रिटिश तोफखाना अंश आणि कलांत (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोजत असे, त्यामुळे ब्रिटिश दुर्बिणीत मिलचा हिशेब लावू नका.

मिलचा हिशेब सोपा: वस्तूची उंची मीटरमध्ये घ्या, १००० नं गुणा, आणि दिसलेल्या मिलनं भागा. शेताच्या कडेचा विजेचा खांब जमिनीवर ८ मीटर आहे आणि दुर्बिणीत १० मिल भरला, तर तो ८०० मीटरवर आहे. शाळकरी मुलांना हे एकदा दाखवा. ऐंशी वर्षांपूर्वीचं उपकरण त्यांच्या हातात अजून काम करतं हे बघताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

सहावी पायरी: बाहेरून पुसा, आतून नको

आधी रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, आणि मग लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन मधून काठाकडे हलकेच फिरवा. धूळ तशीच ठेवून पुसलं तर वाळूचा कण काचेवर ओढला जातो. थेंब थेट भिंगावर टाकू नका, कडेनं आत उतरतो. धडाला ओलसर सुती फडकं पुरे.

स्क्रू ड्रायव्हर मात्र लावू नका. पुढचं भिंग एकात एक बसलेल्या दोन विकेंद्री (मध्य किंचित बाजूला असलेल्या) कड्यांमध्ये असतं. कारखान्यात ती कडी किंचित किंचित फिरवून दोन्ही नळ्या एका रेषेत आणलेल्या असतात. तुम्ही उघडून ‘होतं तसंच’ बसवलंत तरी ती रेषा गेली. ती परत आणायला जुळणीचं यंत्र लागतं. बुरशीसाठी उघडायचीच असेल तर कारागिराला पहिला प्रश्न हाच विचारा की जुळणी कशावर तपासणार? चष्म्याच्या दुकानात हे काम होत नाही. उत्तर गोलमाल आलं तर दुर्बीण परत घेऊन या.

त्याच ट्रंकेत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं जुनं होकायंत्र असेल तर त्याची काच उघडू नका आणि आकडे खरवडू नका. त्या काळच्या चमकत्या रंगात रेडियम असे. चमक गेली तरी रेडियम जात नाही. ते बंद पिशवीत, वेगळं, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

पावसाळ्याआधी

चामड्याची पेटी सुंदर असते, पण दुर्बीण तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाद्य पुरवतं. पेटी वेगळी, कागदात गुंडाळून, हवेशीर. दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलची पुडी. रंग बदलला की दाणे कोरड्या तव्यावर मंद आचेवर तापवून घ्या आणि पुन्हा वापरा. काही घरांत दुर्बीण तांदळाच्या पिंपात ठेवतात. त्यानं ओल फारशी जात नाही, उलट तांदळाची पूड सांध्यांत बसते. मे महिन्याच्या अखेरीस डबा बंद करायचा, आणि जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा, पाऊस उघडल्यावर, पुडीचा रंग बघायचा.

डब्यात एक कागद ठेवा. त्यावर झाकणपट्टीवरचा मजकूर, क्रमांक, ती कुणाकडून आली, त्यांची पल्टन, नोकरीची सनं. जे कागदोपत्री आहे ते एका बाजूला आणि जे घरात नुसतं सांगत आलेत ते दुसऱ्या बाजूला लिहा. सांगणारी आजी अजून असेल तर हा कागद या आठवड्यातच लिहा.